उंटिणीचं वाकडं तोंड

३ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हल्ली मी नक्की काय काम करतो, असं तू विचारलं आहेस. तर उंटिणीची तोंडं काढतो. आमच्या कंपनीने ‘चिकट चौकडी’ नावाचा कार्टूनचा बँड काढलाय. ढोल बडवणारं अस्वल, गिटारवाला बेडूक, पियानोवर घूस आणि मुख्य गायिका उंटीण. चौघंही सतत बबलगम चघळत असतात. ‘पहिला फुगा’ हा त्यांचा पहिला अल्बम आता यायचाय. गाणी इतकी गोड की ऐकताना दात शिवशिवतात. बाकीचे चित्रकार पाय, शेपट्या वगैरे बघतात. गाताना तोंड कसं हलेल, ते माझ्याकडे.

एरवी आधी गाणं रेकॉर्ड होतं आणि ते ऐकत मी तोंडं काढतो. या वेळी गायिका ठरेना आणि साहेबांना घाई. म्हणून शब्दांचे कागद समोर ठेवून, नुसती पियानोवरची चाल ऐकून मी सगळी तोंडं काढून मोकळा झालो. आता गायिका आणली तर तिचं गाणं उंटिणीच्या तोंडात बसेना. बाई गप्प झाल्या तरी उंटीण आ वासून उभी. दुसरी आणली, तिसरी आणली, तेच. निर्मात्यांनी सांगून टाकलंय की महिनाअखेरपर्यंत कुणी बसली नाही तर उंटीण बाद. तिच्या जागी शेळी येणार आणि ती फक्त ‘बें’ करणार. म्हणजे माझं सहा महिन्यांचं काम कचऱ्यात आणि बहुतेक मीही.

सोबत व्हिडिओ कॅसेट पाठवतोय. आवाज नाही, नुसतं चित्र आहे; गाण्यांचे शब्द आणि पियानोवरच्या चालींची कॅसेट वेगळी ठेवलीय. गाण्यातलं तुला कळतं, तर माझं कुठे चुकलं ते बघून सांग. भावोजींना नमस्कार, भाचीला गोड पापा.

आहे तो लोभ कॅसेट बघूनही कमी होऊ नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिला गेलाय, त्याचा फार अर्थ लावू नकोस.

कॅसेट आम्ही तिघांनी बघितली. उंटिणीने तोंड उघडल्याबरोबर तुझी भाची ओरडली की ही तर आई. तुझे भावोजी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे भांडी पडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा डोळे पुसत होते. वरचा सूर आला की तोंड डावीकडे जाणं, तो डोळा बारीक करणं, शब्दाच्या मध्येच श्वास घेणं, सगळं माझं. जगात एवढी माणसं पडलीत, तुला उंटिणीसाठी सख्खी बहीणच सापडली?

गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण तुला सगळं माहीत आहे. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकबाईंनी भर सभागृहात सांगितलं होतं की आवाज चांगला आहे, पण तोंड सरळ ठेवता येत नसेल तर पडद्यामागून गा. सगळे हसले होते. त्यानंतर मी माणसांसमोर गायलेली नाही. आपल्या लाँड्रीत यंत्रं सुरू झाली की गाते, कारण आवाजात कुणाला ऐकू येत नाही आणि वाफेत काही दिसत नाही. तेच तोंड तू आता घरोघरी दाखवणार. मला फार वाईट वाटलं.

पोटभर जेवत जा. शेळीच बरी.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार खरोखर लोटांगण घालून आहे.

शपथेवर सांगतो, मुद्दाम केलेलं नाही. तुझं पत्र येईपर्यंत मला पत्ताच नव्हता. चाल ऐकली की माझ्या डोक्यात तूच गातेस. लहानपणी प्रत्येक गाणं मी तुझ्या तोंडाकडे बघत शिकलो. गाताना तोंड डावीकडेच जातं, अशी माझी समजूत आहे. आरशात माझं सरळ राहतं, ते माझंच काहीतरी चुकतं असं मी आजवर धरून चाललो होतो.

म्हणजे गायिका बसत नाहीत यात त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. तुझं गाणं त्यांच्या गळ्यातून कसं येणार? ताई, तू येऊन गा. नाव उंटिणीचंच लागेल, तुला कुणी बघणार नाही. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, शेळी काढेन. काल साहेबांनी तिसरा रस्ता सुचवला, कुठल्याही गायिकेला बसेल असं उंटिणीचं तोंड सरळ करून टाक म्हणाले. मी नाही म्हटलं. नोकरीत पहिल्यांदाच नाही म्हटलं.

माया असू दे, रागही चालेल, पण अबोला नको.

धाकटा

२४ फेब्रुवारी

राजमान्य राजश्री शालकमहाशय यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय, वाचून फाडून टाक. मी बाजारात गेलो की बाईसाहेब कॅसेट लावतात. परवा मी दाराबाहेर पिशव्या घेऊन उभा राहिलो. फटीतून बघितलं तर ती गात होती आणि सगळी गाणी उंटिणीच्या तोंडात शब्दाला शब्द बसत होती. काल गाण्याच्या नादात गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर करपली आणि आळ माझ्यावर आला. गुरुवारी ती तुझ्याकडे येतेय. सांगतेय की तुझे कान उपटायला येतेय. तू कान पुढे कर आणि माइक सुरू ठेव.

स्वयंपाकघरात हसलो ते मला अजून भोवतंय, तेव्हा तू तिथे हसू नकोस. बाकी क्षेम आहे, शर्टवाल्याचं सोडून.

तुझे,
भावोजी

१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. हा आशीर्वाद मनापासून.

अल्बमची कॅसेट मिळाली. पाठीमागे ‘गायिका : उंटीण’ असं छापलंय. तुझे भावोजी आता मला त्याच नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. रेकॉर्डिंगच्या दिवशी तुम्हा सगळ्यांना मी स्टुडिओतल्या काचेकडे पाठ करून उभं केलं होतं. माझ्यासमोर फक्त उंटीण होती. पहिल्या गाण्यात तिच्याकडे बघून लाज वाटली. नंतर वाटली नाही. ती वाकडं तोंड करून इतकी खुशीत गात होती, की परीक्षकबाई समोर असत्या तरी तिने त्यांच्या तोंडावर फुगा फोडला असता.

काल दुकानात एक बाई कपडे न्यायला आल्या होत्या. त्यांची छोटी आपल्या अल्बममधलं ‘फुगव फुगव’ म्हणत होती, तोंड पार डावीकडे नेऊन. आई तिला दटावत होती की नीट तोंड करून गा, लोक बघताहेत. मुलगी गप्प झाली आणि खाली बघायला लागली. मी त्या बाईंना सांगितलं की राहू द्या, हे गाणं असंच गातात. मुलीने मला विचारलं की तुम्हाला येतं का.

यंत्रं बंद होती, वाफ नव्हती आणि दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि अख्खं गाणं म्हटलं.

तुझी,
ताई