आई झोपल्यावर

१ फेब्रुवारी, रविवार

गेला! डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा गेला एकदाचा.

डिझेल गाडीचं हे एक दुखणं असतं. इंजिनाची काजळी एका फिल्टरमध्ये साठते. घर-ऑफिस, ऑफिस-घर करत राहिलं की तो तुंबतो, आणि मोकळ्या रस्त्यावर सलग पळवली की तापून काजळी जळून जाते. हे मी बायकोला इतक्यांदा समजावलंय की आता मी बूट घालायला लागलो की तीच म्हणते, "चाललास का फिल्टर जाळायला? जा, सवतीला फिरवून आण."

खरं तर महिन्यातून एकदा पळवली तरी पुष्कळ झालं. मेकॅनिक स्वतः म्हणाला होता. घरी मी ते सांगितलेलं नाही. दर रविवारी फिल्टर!

आज मात्र बायको म्हणाली, "आईंना ने ना बरोबर. घरात बसून बसून कंटाळल्यात." माझं तोंड पडलं. तिला दिसलं असणार. नाही म्हणायला कारण सुचेना. आई शेजारी बसली, पट्टा मी लावून दिला. शहर संपायच्या आत तिची मान कलली. डोळे मिटलेले. झोपली!

बाबा गेल्यापासून आईला झोप म्हणून नाही. घरभर फिरते, दिवे लावते, भांडी आवरायला घेते. बाहेरच्या खोलीत तिचा दिवाण, मधे एक दार, पलीकडे आम्ही. म्हणजे तिघंही जागे. आणि इथे ही गाडीत बसल्या बसल्या गाढ! इंजिन आहेच तसं. सहा सिलिंडर, पण आत बसल्यावर डिझेल आहे हे दुसऱ्याला सांगावं लागतं.

तर आई झोपली. रस्ता मोकळा. मी पाय दाबला.

काटा कुठे गेला ते लिहीत नाही. गंमत अशी की आत काहीच कळत नाही, नुसती पाठ सीटला चिकटते. आई हलली पण नाही. परत आलो तर बायको दारातच. "झोपल्या? खरंच? अरे, मग रोज नेत जा!" तिचे डोळे भरून आले होते. मी बेसिनपाशी जाऊन हात धूत बसलो.

२ फेब्रुवारी

ऑफिसातला मित्र नेहमीप्रमाणे, "काय ट्रॅक्टर, रविवारी किती एकर नांगरलंस?" त्याचं नावच आम्ही पेट्रोल ठेवलंय, डिझेलचा वासही सहन होत नाही त्याला. मी म्हटलं, आईला घेऊन गेलो होतो. मग म्हणाला, "ग्रेट आहेस यार."

ग्रेट! आईला शेजारी बसवून गाडी अशी हाणणारा.

८ फेब्रुवारी, रविवार

आज पण झोपली. तशीच, शेवटचा सिग्नल गेल्या गेल्या.

एक विचित्र गोष्ट. ती झोपली की मी बोलतो! मागच्या रविवारी सुरुवात झाली ती वळणं समजावण्यापासून. "आई, हे बघ, आता हे वळण आत ओढतं, इथे आधीच वेग कमी करायचा, आणि मग बाहेर पडताना हळूच सोडायची." गाडीवेड्या माणसाला कुणीतरी ऐकणारं लागतं, झोपलेलं का असेना. आज मात्र गाडीवरून घसरत घसरत कुठल्या कुठे गेलो. ऑफिसचं सांगितलं. साहेबाचं सांगितलं. मग बाबांचं. मला गाडी शिकवताना ते एकदाही ओरडले नव्हते, नुसता हँडब्रेकवर हात ठेवून बसायचे. तो हात मला अजून दिसतो, हे मी मोठ्याने बोललो. ते गेले तेव्हा मी रडलो नाही. सगळे म्हणाले, खंबीर आहे. कसला खंबीर! बिलं, दाखले, फोन यातच सगळे दिवस गेले, आणि मग रडायची वेळच निघून गेली. हे कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही.

घरात माझं आणि आईचं बोलणं म्हणजे, जेवलीस का, गोळी घेतलीस का, पंखा लावू का. खलास. तिच्यासमोर बसलं की मी मोबाईल काढतो. तीही मग टीव्हीकडे बघते.

बोलता बोलता पाय जड होतो हे मात्र खरं. आज ट्रकांची अख्खी रांग एका दमात मागे टाकली.

११ फेब्रुवारी

समोरच्या काकू जिन्यात भेटल्या. "श्रावणबाळच रे तू." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं आलंय.

दगडाच्या खाणीजवळचं वळण. माझं लाडकं. दर वेळी थोडं जास्त वेगात घेतो, मलाच माहीत. आज वळलो तर समोर टेम्पो उभा! अर्धा रस्त्यात. माणूस खाली बसून चाक बदलतोय. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी सरळ राहिली, थांबली, एवढी चांगली गाडी आहे म्हणून थांबली. बोनेट आणि त्या माणसाच्या पाठीत एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा. तो पाना हातात घेऊन उठला, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. परत खाली बसला आणि नट पिळायला लागला.

आई? डोळे मिटलेलेच! एक हात मात्र वरच्या हँडलला. घट्ट. माणसं झोपेत धरतात असं काही काही. मी दोनदा हाक मारली. "आई? आई?" मग तिने डोळे उघडले. "आलं का घर?"

नाही गं, म्हटलं, झोप तू.

आणि मी कोण? विम्याचा सर्व्हेअर! आयुष्य गेलं चेपलेल्या गाड्या मोजण्यात. काच कशी फुटली यावरून वेग सांगतो मी. लोक छातीठोक सांगतात, "साहेब, हळूच होतो हो," आणि मी मनात हसतो.

घरी आलो. बायकोने विचारलं, झोपल्या का? म्हटलं, ढाराढूर.

१७ फेब्रुवारी

बायको आईच्या खांद्याला मलम लावत होती. तिचा आवाज आला, "अगंबाई! आई, हे काय झालं?"

आत गेलो. खांद्यापासून छातीकडे तिरका, काळानिळा वळ. पट्ट्याचा. असे वळ मी फोटोत इतके पाहिलेत की झोपेतून उठवलं तरी ओळखेन.

आई म्हणाली, "न्हाणीघराचं दार लागलं गं. मीच वेंधळी."

तिला खरंच आठवत नसेल. झोपेत होती ना. कुठे लागलं ते कळलं नाही, म्हणून दार म्हणाली असेल. बायको न्हाणीघराच्या दाराला शिव्या देत होती, कडेला रबर लाव म्हणाली. आणि मी? मी पट्टी घेऊन गेलो आणि दाराच्या कडेचं माप घेतलं! माझ्यासारखा निर्लज्ज मीच.

१८ फेब्रुवारी

शपथ. ऐंशीच्या वर नाही. आई असताना तर नाहीच नाही.

दाराला रबर लावलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

ऐंशी पाळले. एकदाच सोडून. पण आज वेगाबद्दल लिहायचं नाहीये, त्याहून वाईट आहे.

काल घरात फार झालं. रात्रभर जागलेली बायको तिच्या कामावर, लॅबमध्ये, खुर्चीवरच झोपली, कुणाच्या तरी रक्ताच्या नळ्यांवर चुकीची नावं लागली. वेळेत सापडलं म्हणून निभावलं, पण साहेबीणबाईंनी सगळ्यांसमोर झापलं. घरी आली ती सरळ बाथरूममध्ये, नळ सोडून रडली. बाहेर येऊन आईला म्हणाली, "चहा टाकू का आई?" एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

आज आई झोपल्यावर मी पुलाअलीकडे गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवलं, बंद केलं तर जागी होईल म्हणून. आणि बोललो. "आई, तू ताईकडे जा ना गं थोडे दिवस. तिचं घर मोठं आहे. तुझी सून मोडेल आता. मी पण दमलोय. तू खोलीत आलीस की कधी कधी मी झोपल्याचं सोंग घेतो, माहितीये तुला? हे तुला तोंडावर मला सांगता येणार नाही. जन्मात नाही येणार."

ती शांत झोपलेली. श्वास एकसारखा.

बोलून टाकलं आणि इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली. मग गाडी काढली, आणि ऐंशी मोडले ते तिथे.

२४ फेब्रुवारी

सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "मला जरा ताईकडे सोडा. राहीन म्हणते तिच्याकडे. कालच फोनवर बोलले मी तिच्याशी."

कप हातातच राहिला. आधी काय वाटलं ते लिहितो, कारण इथे तरी खोटं नको. आधी सुटल्यासारखं वाटलं!

बायको रडायला लागली. "आई, माझं काही चुकलं का?" आई म्हणाली, "वेडी का काय. लेकीकडे जायला कारण लागतं होय?" तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

मला ठाऊक आहे कारण. ब्रेक! तेव्हा तिला जाग आली असणार. घाबरली असणार माझ्या गाडीला, आणि मला बोल लागू नये म्हणून गप्प. दुसरं काय असणार? पुलाजवळ तर झोपली होती. नीट बघितलं होतं मी.

२६ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. खाण, टेम्पो, वळ, सगळं. पुलाचं नाही.

उठून न्हाणीघराच्या दारापाशी गेली. मग, "मी त्या दाराला शिव्या देत होते. आणि तू रबर आणून लावलंस?" तेवढंच तिला सहन झालं नाही, रबर. "दिवसभर चेंदामेंदा झालेल्या गाड्या बघतोस तू! जन्मदात्री होती रे शेजारी." आणि मग हळू आवाजात, "मी त्यांना तुझ्या भरवशावर पाठवत होते."

मी म्हटलं, गाडी विकतो. ती म्हणाली, "गाडीला कशाला नावं ठेवतोस."

तरी पेट्रोलला सांगून ठेवलं, गिऱ्हाईक बघ. चेष्टा करेल वाटलं. नाही केली. "एकदा चालवू देशील? विकण्याआधी?" म्हणाला. इतकी वर्षं नावं ठेवून!

१ मार्च, रविवार

आईला ताईकडे सोडून आलो.

मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचं. ती जागी असताना, तोंडावर. चुकलं माझं, म्हणायचं, मी फार जोरात चालवत होतो, तुला लागलं ते माझ्यामुळे. पण शेवटचा सिग्नल गेला आणि तिने डोळे मिटले, नेहमीसारखे. उठवून माफी मागायची? म्हटलं झोपू दे बिचारीला. शेवटची तरी शांत झोप मिळू दे माझ्या गाडीत.

सबंध रस्ता गोगलगायीसारखा गेलो. बस पुढे गेली, एक दूधवाला पुढे गेला, मागच्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला. आणि तोंडातून शब्द काढला नाही मी. आता मला माझ्या बोलण्याचीच भीती वाटते. रेडिओही लावला नाही.

मधेच एकदा तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, परत मिटले. थोड्या वेळाने परत तसंच. शेवटी विचारलं, "बरं नाही का रे तुला?"

"बरं आहे की. का गं?"

"नाही, सहज."

ताईच्या दारात उतरताना पट्टा तिला काढता येईना. मी वाकून काढला. तिने माझ्या कानामागे हात लावून ताप आहे का बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. ताई सामान उचलायला आली, आणि राहिलं.

येताना एकटाच होतो. रस्ता मोकळा, गाडी गरम, एक नंबर पळाली असती. पळवली नाही. त्यात काही मोठेपणा नाही, मनच नव्हतं.

३ मार्च

बायको आता रात्रभर झोपते. मी नाही.

५ मार्च

ताईचा फोन. माझं ऐकून तिनेही आज आईला गाडीतून मुद्दाम लांब फिरवून आणलं, झोप लागावी म्हणून. आई टक्क जागी! आई म्हणाली, गाडीत मला जन्मात कधी झोप लागलेली नाही.

म्हणजे पुलाजवळचं ऐकलं. सगळं ऐकलं.

ताईने तिला विचारलं, मग त्याच्या गाडीत डोळे मिटून का बसायचीस?

"उघडले की तो बोलायचा थांबतो."