कोणत्या माणसामुळे

लातूर,
८ सप्टेंबर २००३

ती. नागम्मा आत्यास शिवगंगाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा बदलून झाला का? मागच्या पत्रात तू त्या पट्ट्याची जेवढी चौकशी लिहिलीस तेवढी माझीही केली नव्हतीस. इकडे सगळे बरे आहेत, फक्त पाऊस नाही. लातुरात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि क्लासच्या जाहिराती मात्र रोज नव्या येतात. आमच्या क्लासच्या बोर्डावर पास झालेल्या पोरांचे फोटो इतके चिकटवलेत की क्लासचं नावच झाकून गेलं आहे.

मी आज रागात आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे. दहावीच्या तुकडीला पृथ्वीचं तापमान वाढतंय तो धडा शिकवत होते. पोरी प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. तेवढ्यात आमचे संचालक दारात येऊन म्हणाले की मॅडम, धडा दोन मार्कांचा आहे, दोन मार्कांएवढाच शिकवा. वर असंही म्हणाले की हे माणसामुळे होतं की आपोआप होतं यावर मोठमोठ्या लोकांचंच जमत नाही, आपण कशाला मध्ये पडायचं. मला सांगायचं होतं की अभ्यास करणाऱ्यांचं बहुतेक जमत आलं आहे, जमत नाही ते ज्यांच्या तेलाच्या विहिरी आहेत त्यांचं. पण मी नुसतं हो सर म्हटलं. राग आहे तो त्या हो सरचा.

आता आनंदाची गोष्ट. भूकंपाला ३० तारखेला दहा वर्षं होतील. गावात भूकंपाच्या स्मृतिस्तंभापाशी सभा आहे आणि सरपंच शेषेरावांनी मला भाषणाला बोलावलं आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून अप्पा आत्तापासूनच ताठ चालतात. मी याच विषयावर बोलणार आहे, की हवामान बिघडतंय ते माणसामुळे. तू ये. दहा वर्षांत एकदाही गावाकडे फिरकली नाहीस. नोकरीला गेलेली माणसंसुद्धा सणाला येतात.

आईचा नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी,
शिवगंगा

---

नांदेड,
१५ सप्टेंबर २००३

चि. शिवगंगास नागम्माचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पट्टा बदलला. मशीन पळते आहे. आमच्या चौफाळा पेठेतल्या निम्म्या साड्यांना माझाच फॉल आहे, असं इथल्या बायका म्हणतात. तुझी चौकशी मी करत नाही कारण तू सगळं विचारायच्या आधीच सांगतेस.

भाषणाला मी येणार नाही. आणि माझं ऐकशील तर तूही दुसरा विषय घे. भूकंपात गेलेल्यांची आठवण काढ, पोरींनी शिकावं असं सांग, खाली बस. माणसामुळे पाऊस पळाला हे तिथं बोलू नकोस. बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची होते. तेव्हा गावात मोटरसायकलसुद्धा एकच होती. तो दुष्काळ कुणाच्या धुरानं पडला होता? माणूस एवढा मोठा कधीपासून झाला, की आभाळ त्याचं ऐकायला लागलं?

तू म्हणशील आत्या सातवी शिकलेली. शिकले तेवढ्यावरून एक सांगते. माणसामुळे झालं म्हटलं की गाव तिथं थांबत नाही. पुढचा प्रश्न येतो की कोणत्या माणसामुळे. आणि त्याचं उत्तर गावाजवळ आधीच तयार असतं.

आई-अप्पांना आशीर्वाद. उन्हात डोक्यावर ओढणी घेत जा. आत्या आपलीच आहे हे विसरू नये.

नागम्मा

---

लातूर,
२१ सप्टेंबर २००३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले. संचालक म्हणतात बोलू नका, तूही म्हणतेस बोलू नको. त्यांचं कारण तरी कळतं, त्यांना निकाल लावायचा आहे. तुझं काय?

बहात्तरचं सांगते. एक वर्ष कोरडं गेलं म्हणजे हवामान बदललं असं कुणीच म्हणत नाही. दुष्काळ पूर्वीही पडत होते. पण सगळ्या पृथ्वीची तीस-चाळीस वर्षं एकापुढे एक मांडली की ती तापत चालली आहे हे दिसतं. कोळसा, डिझेल, लाकूड जाळल्यावर जो वायू वर जातो तो वाकळीसारखा पसरून बसतो आणि ऊब बाहेर जाऊ देत नाही. ही वाकळ माणसानंच शिवली आहे. भूकंपाचं वेगळं. तो जमिनीच्या पोटातून आला, त्यात कुणाचा हात नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच मला गावाला सांगायचं आहे. आणि तू मला गप्प बसवतेस! ज्या घरात पहिल्यांदा कुणी शिकलं, त्या घरातल्या बाईनंच शिकलेलं झाकून ठेव म्हणावं?

गाव तसं नाही, आत्या. तू दहा वर्षं बाहेर राहून गावाला परकी झालीस.

जास्त लिहिलं असेल तर लहान समजून सोडून दे.

शिवगंगा

---

लातूर,
५ ऑक्टोबर २००३

ती. नागम्मा आत्यास शि. सा. न.

मागच्या पत्राची माफी मागून सुरुवात करते, कारण पुढचं वाचून तू मला माफ करशील की नाही याची खात्री नाही.

भाषण चांगलं झालं. फार चांगलं झालं, तिथंच घात झाला. सुरुवातीला लोक जांभया देत होते. वायू, वाकळ, काही त्यांच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. मला डोळ्यांपुढे दिसेल असं काही हवं होतं. स्तंभाच्या मागे ताहेरचाचांची वीटभट्टी आहे, मागच्या वर्षीच्या राखेचा काळा ढीग तिथंच होता. माझं बोट तिकडं गेलं. मी म्हटलं की बघा, असा धूर वर जातो आणि आपलाच पाऊस पळवतो. नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या. या एका वर्षाचा पाऊस कुणामुळे गेला हे कुठलाच शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, हे मला माहीत होतं. तुलाच मी तसं लिहिलं होतं. तरी मी बोलले. टाळ्या ऐकून पुन्हा एकदा बोलले.

दोन तारखेला ग्रामसभा झाली. ठराव झाला की यंदा ताहेरच्या भट्टीला ना हरकत द्यायची नाही. ठरावात लिहिलं आहे की गावच्या पदवीधर कन्या कु. शिवगंगा राजशेखर यांच्या शास्त्रीय मार्गदर्शनानुसार. शेषेरावांच्या उसावर डिझेलच्या तीन मोटारी आणि दोन ट्रॅक्टर चालतात, त्यांचा ठरावात शब्द नाही. अप्पांनी हात वर केला. मी विचारलं तर म्हणाले की सगळं गाव एका बाजूला असताना आपण वेगळं कसं बसायचं.

मी चाचांकडे गेले. ते विटांचे साचे धुऊन उन्हात मांडत राहिले. शहजादीचाची बोलली. म्हणाली की बेटा, तू पास झालीस तेव्हा मी गल्लीत साखर वाटली होती. आता एवढंच सांग, आमचाच धूर वर जातो का, ऊसवाल्यांचा खालीच बसतो का? भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या घरांना गावानं ज्या वाढीव खोल्या बांधल्या त्या सगळ्या आमच्या विटांच्या आहेत, त्या पाडायला सांगतेस का, असंही विचारलं. दिवाळीनंतर भट्टी पेटली नाही तर ते अर्धापूरकडे कुणाच्या तरी भट्टीवर मजुरीला जाणार. तीन पिढ्यांचं घर बंद करून.

तू म्हणाली होतीस की उत्तर आधीच तयार असतं. तुला कसं माहीत होतं?

शिवगंगा

---

नांदेड,
११ ऑक्टोबर २००३

शिवगंगा,

आशीर्वाद मनात आहेत, आज कागदावर येत नाहीत.

कसं माहीत होतं ते विचारतेस. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. मी नोकरीसाठी नांदेडला आले असं तुला सांगितलं. मला इथं नोकरी कुणी दिली होती? मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि दिवसभर आपल्या किराणा दुकानाच्या गादीवर बसायची. गावाला ते खुपत होतंच. मग भूकंप झाला. आपण सगळे पत्र्याच्या शेडात होतो. तिथं एक प्रवचनकार आला आणि म्हणाला की धरणीला पाप सोसवत नाही, माणसामुळे धरणी हलते. त्यानंही नाव घेतलं नव्हतं. बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. तू त्याच्यापेक्षा पुढे गेलीस.

टँकर आला की बायका माझी घागर रांगेतून उचलून बाजूला ठेवायच्या. शिवी कुणी दिली नाही, मारलं नाही. नुसती घागर बाजूला. ज्यांची लेकरं ढिगाऱ्याखाली गेली त्यांच्याशी मी काय भांडणार होते? तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, मधे पडला नाही. तेराव्या दिवशी त्यानं मला नांदेडच्या गाडीत बसवलं. तेव्हाही सगळं गाव एका बाजूला होतं.

तू म्हणतेस भूकंप वेगळा, हवामान वेगळं. असेल. शिकलेल्याला वेगळं दिसतं. पण गावात दोन्हीची सुरुवात एकाच वाक्यानं झाली, आणि दुसऱ्यांदा ते वाक्य माझ्या घरातल्या पोरीनं म्हटलं. तुझ्या शिक्षणाचे पैसे पाठवायला रात्र रात्र शिवून मी माझ्या डोळ्यांची वाट लावली, पोरी.

रडत बसू नकोस. काय करतेस ते कळव.

नागम्मा

---

लातूर,
२० ऑक्टोबर २००३

ती. नागम्मा आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि उठून गेले. मी त्यांच्याशी बोलत नाही.

ताहेरचाचांनी तहसीलला अर्ज केला, त्यामुळे ९ नोव्हेंबरला पुन्हा ग्रामसभा आहे. मी शेषेरावांकडे जाऊन म्हणाले की मला माझं म्हणणं दुरुस्त करायचं आहे. माणसामुळे हवामान बदलतं हे खरंच आहे, ते मी मागे घेणार नाही. पण तो धूर सगळ्या जगाचा आहे, शंभर-दीडशे वर्षांचा आहे. ज्यानं जास्त जाळलं त्याचा वाटा जास्त, आणि त्या हिशेबात ताहेरचाचा शेवटून मोजावे लागतील. आमच्या क्लासचा जनरेटर आठ तास चालतो, तोही त्यांच्याआधी येतो. शेषेराव हसले. म्हणाले की ताई, तुमचं मतदान आता लातूरच्या यादीत. ग्रामसभेत गावचा मतदार बोलतो, पाहुणे चहा पितात. भाषणाच्या वेळी मी गावची कन्या होते, आता पाहुणी झाले.

मी तरी जाणार. उठवलं तर उठवलं.

तुझ्यापुढे मान वर करायची लाज वाटते. तरी मला टाकू नकोस.

शिवगंगा

---

नांदेड,
१० नोव्हेंबर २००३

चि. शिवगंगास अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रामसभेला येऊ नकोस असा फोन मी परवा तुझ्या क्लासवर केला, त्याचा तुला राग आला असेल. पण तू आली असतीस तर पुन्हा भाषण झालं असतं, आणि भाषण त्यांना पचतं. मला बघायला त्यांना जड जाणार होतं. शिवाय यादीतून माझं नाव दहा वर्षांत कुणी काढलेलं नाही. हाकलताना घाईत राहून गेलं असेल.

काल सकाळी गावात पोचले. पारावर बायका होत्या, ओळख पटली तसा सगळ्यांनी पदर सारखा केला. शिव मंदिरापुढच्या सभामंडपात दीडशे माणसं होती. मी मागे उभी राहिले. शेषेरावानं भट्टीचा ठराव कायम करायला घेतला तेव्हा मी म्हटलं की मतदार नागम्मा बोलणार आहे, यादी काढा. ग्रामसेवकानं यादी काढली. बिचारा खरा माणूस, म्हणाला की नाव आहे.

मी म्हटलं की माझा ठरावाला विरोध न्हाई. फक्त त्याच्या वर अजून एक ठराव राहिलाय, तो आधी लिहा. त्र्याण्णवचा भूकंप राजशेखरच्या बहिणीमुळे झाला, असा. दहा वर्षं तो नुसता तोंडी आहे. कागदावर घ्या, खाली सह्या करा, म्हणजे पुढच्या वेळी धरणी हलली की शोधाशोध नको. पेन मी आणलं होतं. मी ते एकेकापुढे धरलं. जिनं माझी घागर उचलली होती त्या जगदेवीपुढे धरलं. तिच्या नवऱ्यापुढे धरलं. शेषेरावापुढे धरलं, तो म्हणाला की बाई, जुनं उकरू नका. मी म्हटलं की जुनं तुम्ही उकरलंय, माणूस तेवढा नवा घेतलाय. शिवगंगा, दीडशे माणसांत एकानंही पेन हातात घेतलं नाही. तुझ्या बापापुढे मी धरलंच नाही. तो मान खाली घालून होता, मला त्याचं डोकं दिसत होतं, पार पांढरं झालंय.

मग ग्रामसेवकानं विचारलं की भट्टीच्या ठरावावर हात वर करा. बारा हात आले. ठराव पडला. ताहेरला ना हरकत मिळाली. तो मला भेटायला आला नाही. त्याच्या जागी मीही आले नसते, कुणाचे उपकार घ्यावे लागावेत असं त्यानं केलं तरी काय होतं? शहजादी मात्र येऊन म्हणाली की यंदा पेटवू, पुढचं खुदा जाणे, सालागणिक एकेक सभा जिंकून कुणी विटा भाजत नसतं.

तुझं धुराचं मला पटलं आहे. उन्हाळे पूर्वीसारखे न्हाईत हे मशीनवर बसून बसून माझ्या पाठीलाही कळतं. तू ते शिकव, दोन मार्कांचं असो की शंभर. फक्त फळ्यावर माणूस असा शब्द लिहिलास की थांब, आणि कोणता, किती, कधीपासून हे पोरींकडून वदवून घे. घाईत बोट उचलू नकोस.

परत निघाले तेव्हा स्टँडवर तुझा बाप आला. गाडीला गर्दी होती. त्यानं खिडकीतून रुमाल टाकून माझ्यासाठी जागा धरली. दहा वर्षांपूर्वी मला पाठवताना त्यानं असाच रुमाल टाकला होता, आणि मी मुकाट्यानं त्या जागेवर बसून आले होते. काल मी रुमाल उचलला, झटकला, खिडकीतून त्याच्या हातात परत दिला. आणि औशापर्यंत उभी राहून आले.

पाय दुखतात. बाकी ठीक. येत जा, लिहीत जा, आणि माझ्यावर चिडायचं सोडू नकोस.

तुझी आत्या,
नागम्मा