हलक्या बाणांपासून धनुष्य वाचवण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शहर क्रीडा कार्यालय,
दुसरा मजला.

विषय: रविवारच्या तिरंदाजी सामन्यात जड बाण वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) हलक्या बाणांविषयीचे आपल्या कार्यालयाचे परिपत्रक.
२) परवा जेवता जेवता आपण दिलेला तोंडी आदेश, की "भावोजी, घरात ऑफिस नको, रीतसर अर्ज करा."

महोदय,

१. अर्जदार हा चष्म्यांचा दुकानदार असून आपल्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. हे नाते कामकाजात आणू नये असे आपण बजावलेले असल्याने यापुढे ते आणले जाणार नाही. जमेल तितके.

२. लाकडी धनुष्ये जुनी झाली, त्यांच्यावर भार नको, अशा कनवाळू हेतूने आपण पूर्वीच्या निम्म्या वजनाचे बाण सक्तीचे केले. परिपत्रक वाचून अर्जदारानेही मान डोलावली होती. परंतु धनुष्याचा हिशेबच उलटा आहे. ओढलेल्या धनुष्यात जो जोर साठतो तो बाणाने घेऊन जायचा असतो. बाण वजनदार असला की तो बराचसा जोर सोबत नेतो. फारच हलका असला की उरलेला जोर धनुष्याच्याच अंगात परत शिरतो, दोरीला हिसका बसतो आणि लाकूड आतून चिरत जाते. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तेव्हा गुडघ्याला काय होते हे आपण जाणताच. धनुष्याला ते प्रत्येक बाणागणिक होते.

३. उगाच कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये म्हणून अर्जदाराने मागच्या अंगणात, भिंतीला जुनी गादी टेकवून, स्वतःच्या धनुष्याने नव्या बाणांची चाचणी घेतली. सुरुवातीचे बाण असे काही सुसाट गेले की अर्जदाराचा आनंद गगनात मावेना. मग काडकन आवाज झाला. धनुष्याचा वरचा तुकडा कुंपण ओलांडून शेजारच्या दंतवैद्यांच्या पाटीवर रंगवलेल्या दाढेत जाऊन रुतला. इतका अचूक नेम अर्जदाराने जन्मात साधला नव्हता. सदर तुकडा दंतवैद्य आता काढू देत नाहीत, कारण पाटी पाहून दाढदुखीवाले आपण होऊन आत शिरू लागले आहेत. अर्जदाराचे धनुष्य गेले ते गेलेच. बाजारात तसे दुसरे मिळेल, त्याचे एवढे काही नाही.

४. काळजी वेगळीच आहे. रविवारी आपली ताई, क्षमस्व, एक स्पर्धक, आपल्या कै. तीर्थरूपांनी स्वतःच्या हाताने तासून घडवलेले धनुष्य घेऊन उतरणार आहे. त्यानंतर त्यांनी दुसरे घडवले नाही. मुठीवरचे चामडे त्यांच्या बोटांनी जिथे झिजवले तिथेच आज तिची बोटे बसतात. ते मोडले तर सांधणारा कोणी नाही. घरी ठेव म्हटले तर म्हणते, "खुंटीला टांगायचं असतं तर बाबांनी नुसती खुंटीच केली असती." गुपचूप जड बाण लाव म्हटले तर म्हणते, "नियम माझ्या भावाचा आहे. मीच धाब्यावर बसवला तर लोक त्याच्या तोंडावर हसतील." थोडक्यात, धनुष्य गेले तरी चालेल पण आपला शब्द खाली पडता कामा नये, असे तिने ठरवले आहे. ती रोज त्याला तेल लावत बसते आणि बोलत काहीच नाही. अहो, लग्न झाल्यापासून अर्जदाराला तिच्या बोलण्याची सवय! ही शांतता त्याला झेपत नाही. काल तर भाजीत मीठ नव्हते आणि ते सांगण्याची छाती झाली नाही.

५. जड बाणाचे दोषही नमूद करणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. तो सावकाश जातो, लवकर खाली येतो, त्यामुळे नेम वर धरावा लागतो. सर्वांनाच धरावा लागेल, तेव्हा अन्याय कोणावर नाही. अर्जदाराचे बाण तर कोणत्याही वजनाचे असोत, गवतातच सापडतात.

६. सबब, परिपत्रक मागे घ्यावे ही विनंती. एकदा काढलेले परिपत्रक मागे घेणे कार्यालयाच्या रुबाबात बसत नसल्यास दुसरी विनंती अशी: उद्घाटन आपल्याच हस्ते आहे. फीत कापण्याऐवजी पहिला बाण आपण मारावा, आणि तो आपल्या वडिलांच्या धनुष्याने. ताई ते आपल्या हातात देईल. शेजारी टेबलावर दोन बाण ठेवलेले असतील, एक परिपत्रकातला आणि एक बाबांच्या वेळचा. धनुष्य मुठीत धरल्यावर आपण जो बाण उचलाल, तोच त्या दिवशीचा नियम. ताईने हे मान्य केले आहे, आणि परवापासून ती प्रथमच हसली.

उत्तराच्या नव्हे, रविवारच्याच प्रतीक्षेत,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, चष्मेवाला

दिनांक: सामन्याआधीचा बुधवार

सोबत:
१) दंतवैद्यांच्या पाटीचा फोटो.
२) जुना जड बाण, नग एक. वजन आपण हातानेच पाहावे.