मामांच्या जागेवर मी

तीर्थरूप मामांना,

पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणून लांबूनच नमस्कार. पाय कसा आहे? आत खाज सुटते का? सुटत असेल तर मला वाईट वाटेल, पण या आठवड्यात जरा कमीच वाटेल. मामींच्या गुडघ्यांना आराम असावा. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

आता मुद्द्यावर येते. मामा, तुम्ही कोणाला विचारून माझं नाव दिलंत? इतकी वर्षं तुम्ही दर गुरुवारी इस्पितळात जाता, ज्यांचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आहे त्यांच्यापाशी बसून प्रार्थना करता, याचं मला कौतुकच आहे. पण जिन्यावरून घसरलात तुम्ही आणि शिक्षा मला? मोठ्या नर्सबाईंचा दुकानात फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी कोटावरच्या डागावरून भांडत होते. (डाग त्याने कोट आणला तेव्हाच होता. आमच्या लॉन्ड्रीत डाग जातात, येत नाहीत.) नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या भाचीला या कामाची आतून ओढ आहे असं मामा सांगत होते. कसली ओढ? मला लहानपणापासून फटाकडी म्हणणारे तुम्हीच ना? जी बाई नवऱ्याला वेळ विचारते तरी शेजाऱ्यांना वाटतं भांडण लागलं, तिने आजारी माणसाच्या उशाशी बसून धीर द्यायचा? हे सगळं मी तुम्हाला फोनवर सुनावलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू फक्त जा. देव तिथे असतोच." आणि फोन ठेवलात. देव असेल हो मामा, पण बोलायचं तर मलाच होतं ना!

तरी गेले. (मामींनी नंतर फोन करून गळ घातली म्हणून. तुमच्यासाठी नाही.) इस्त्री करता करता एक छानशी प्रार्थना पाठ केली होती. त्या नादात एका शर्टाची कॉलर करपली, शर्टवाल्याशी बोलणी अजून चालू आहेत. खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, अंगाने भरभक्कम, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन. मी भारदस्तपणे स्टुलावर बसायला गेले. त्या स्टुलाला चाकं आहेत हे तुम्ही मला सांगायला नको होतं? स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. आधाराला पडदा धरला, तो दांडीसकट खाली आला. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना त्या वेळी अंग पुसून देत होते. यापुढचं मी लिहीत नाही.

एवढं झाल्यावर प्रार्थनेचा एक शब्द आठवेल तर शपथ. ड्रायव्हरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मामा नाही आले का विचारलं, नाही म्हटल्यावर "मग राहू द्या" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो देवाचा. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात त्याला फैलावर घेतलं. "देवा, या माणसाला उद्या टेबलावर घेणार आहेत आणि तू पाठवलंस कोणाला, तर मला? मला काहीही सुचत नाही. तू इथे असशील तर आता तूच काय ते बघ. मी इथून हलणार नाही."

मनातल्या मनात असं मला वाटत होतं. डोळे उघडले तर अख्खा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. दुकानातल्या काउंटरवरचा आवाज लागला होता माझा.

ड्रायव्हरसाहेब वळले. आधी हसले, मग त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. हळूच म्हणाले, "मला फार भीती वाटते हो. घरी कोणाला सांगता येत नाही."

मामा, इथे तुम्ही काहीतरी सुंदर बोलला असता. मी त्यांचा हात धरला आणि भेटीची वेळ संपेपर्यंत गप्प बसले. मी! मध्ये बोलावंसंही वाटलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावून ताप बघितला. आता हे माझं मी केलं असं मला म्हणता येत नाही, आणि कोणी केलं ते तुम्ही फोनवर ज्या सुरात बोलला होतात त्या सुरात मला पुन्हा ऐकायचं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण ड्रायव्हरसाहेबांनी सगळीकडे सांगून ठेवलंय आणि आता दोन रुग्ण "त्या ओरडणाऱ्या बाई" कधी येणार म्हणून विचारतात. ही काय ओळख झाली? तेव्हा कृपा करून एखादा गोड गळ्याचा माणूस शोधा आणि माझी सुटका करा.

तुमची अतिशय रागावलेली,
भाची

ता. क. माणूस शोधायची एवढी घाई नाही. प्लास्टर निघालं तरी तुम्ही पायावर लगेच भार देऊ नका.

आणखी एक ता. क. या गुरुवारी एक शाळकरी मुलगी आहे. कालपासून मला घास जात नाही. मोठ्या नर्सबाई सांगत होत्या की तुम्ही दर वेळी वॉर्डाबाहेरच्या बेसिनपाशी कितीतरी वेळ हात धुवत उभे असायचात, पार शेवटच्या गुरुवारपर्यंत. मामा, हात काही एवढे मळत नाहीत. तुम्हालाही भीती वाटायची का? खरं काय ते बुधवारच्या आत कळवा.