मला बोट लागत नाही

९ एप्रिल, बुधवार

ठरलं. मे लागला की वादळांचा सीझन संपतो. २ मेला आम्ही निघतो. मी आणि टॅम्सिन. न्यूझीलंडच्या ओपुआ बंदरातून थेट उत्तरेला, टोंगा. मध्ये काही नाही, नुसतं पाणी. मग फिजी, मग वारा नेईल तिकडे. दोन वर्षं. जमलं तर कायमचं.

बोटीचं नाव ॲल्बट्रॉस, महासागर ओलांडणाऱ्या पक्ष्याचं. वयाने माझ्यापेक्षा मोठी. दोघांनी अर्धी-अर्धी घेतली, पण कप्तान मी. कारण पुस्तकं मी वाचलीत. टॅम्सिनने हॅमिल्टनच्या दाताच्या दवाखान्यातली नोकरी सोडली, फ्लॅट सोडला, मांजर बहिणीला दिलं. तिला शब्द दिलाय: या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, टोंगा. नाहीतर ती परत जाऊन लोकांच्या दाढा साफ करणार. अर्थात 'नाहीतर'चा प्रश्नच येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सराव. खाडीच्या बाहेर केप ब्रेटच्या टोकाला वळसा घालून परत यायचं होतं. केपच्या अलीकडूनच वळलो. पोट बिघडलं. सकाळी पेट्रोल पंपावर खिमा-चीजचा पाय, म्हणजे पॅटिसचा मोठा भाऊ, खाल्ला होता. शिळा असणार. टॅम्सिननेही तोच खाल्ला, तिला काही झालं नाही. तिचं पोट दगडाचं आहे.

येताना सुकाणू तिने धरलं. मी खालून मार्गदर्शन केलं. बादलीत आवाज घुमतो, एवढीच अडचण.

१३ एप्रिल

शेजारच्या बोटीवर नायरी राहते. एकाहत्तर वर्षांची, एकटी, पूर्वी नेटबॉलची अंपायर होती. शिट्टी अजून गळ्यातच असल्यासारखी बोलते. तिने काल आम्हाला येताना पाहिलं म्हणे. आज जेटीवर सगळ्यांदेखत म्हणाली, बाळा, तुला बोट लागते वाटतं.

मी शांतपणे सांगितलं, मला बोट लागत नाही. लागला असेल तर पाय लागला. खिम्याचा.

जाता जाता विचारते, तुमची कोंबडी उडणार कधी? मी म्हणालो, ॲल्बट्रॉस. ती म्हणाली, तेच ते.

१९ एप्रिल

ईस्टरचा बाजार करायला पलीकडच्या रसेल गावाला. कारफेरीने. दहा मिनिटांचं पाणी. डिझेलचा भयंकर वास. शिवाय पुढच्या गाडीतली पोरं हिरवं आइस्क्रीम चाटत होती. ते बघून कुणालाही झालं असतं.

टॅम्सिनने नुसती खिडकी खाली केली.

आजपासून रोज आल्याची बिस्किटं. औषध म्हणून नाही. आवडतात म्हणून.

२४ एप्रिल

सुरक्षेची तपासणी. परदेशी निघायचं तर ती करावीच लागते. तपासायला विरेमू आला. आडदांड माणूस, आवाज मात्र मऊ. लाइफराफ्ट, दिवे, पंप, सगळं पास. मग म्हणाला, चल भावा, बाहेर काढ बोट. माणूस पाण्यात पडला तर कसा उचलता, दाखवा बघू. माणूस म्हणून त्याने एक नारिंगी तरंगता बोया फेकला.

मी टॅम्सिनला त्यामागचं तत्त्व समजावून सांगत होतो, तेवढ्यात मला कठड्यावरून वाकावं लागलं. तिने शीड सैल सोडलं, बोट वळवली, बोया उचलला. विरेमूने आधी बोयाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, भावा, पाण्यातला माणूस तुझ्यापेक्षा बरा दिसतोय.

पास झालो. टॅम्सिनचा हात हातात घेऊन त्याने अभिनंदन केलं. मला पाणी दिलं.

आजचं कारण: सनस्क्रीनचा वास.

२७ एप्रिल

उरुपुकापुका बेट. खाडीच्या आतच आहे. वारा पडलेला, नांगराची साखळी पार तळापर्यंत दिसतेय. टॅम्सिनने एक कहावाई मासा पकडला, मी साफ केला. तव्यावर लोणी, वर लिंबू. नंतर डेकवर पालथे पडून राहिलो. अंधार झाला तसं पाणी चमकायला लागलं, हात घातला की हिरव्या ठिणग्या. टॅम्सिनने बोटाने पाण्यावर माझं नाव लिहिलं. वाचेपर्यंत पुसलं गेलं, मग परत लिहिलं. म्हणाली, फर्ग, असं कायम राहता येईल? मी म्हणालो, येईल की. म्हणून तर.

बाकीची सगळी यातायात याच्यासाठी.

(मळमळ शून्य. म्हणजे मला बोट लागत नाही हे सिद्ध.)

२ मे, शुक्रवार

आज निघायचं होतं. पण शुक्रवार निघाला. कुठलाही खरा दर्यावर्दी शुक्रवारी नांगर उचलत नाही. टॅम्सिन म्हणाली, तारीख तूच ठरवली होतीस, कॅलेंडर समोरच होतं. मी म्हणालो, परंपरेपुढे कॅलेंडर लहान.

६ मे

विंडो आली. म्हणजे हवामानाचा मुहूर्त: मागून वारा, आभाळ स्वच्छ, आठवडाभर. आज आठ बोटी सुटल्या. सगळ्यांनी भोंगे वाजवून निरोप दिला. माझा भोंगा सगळ्यात मोठा होता.

आम्ही थांबलो. हवामानाच्या तिसऱ्या मॉडेलमध्ये सहाव्या दिवशी न्यू कॅलेडोनियाजवळ एक ठिपका दिसत होता. टॅम्सिन म्हणाली, तो स्क्रीनवरचा डाग आहे. पुसून दाखवला. पण घाईने समुद्रात जाणं वेगळं आणि धाडस वेगळं.

१४ मे

आणखी एक विंडो. फारच चांगली होती. इतकी चांगली विंडो संशयास्पद असते.

नायरी म्हणाली, बाळा, तुझ्या नांगराला आता मुळं फुटली असतील. जाऊन पाणी घाल. मी म्हणालो, आम्ही जेटीला बांधलेलो आहोत, नांगर वरच आहे. मुद्देसूद उत्तर दिलं की ती गप्प बसते. हसत होती, पण गप्प.

२१ मे

थंडी. गादीखाली बुरशी. कपाटात बुरशी. पासपोर्टलासुद्धा हिरवट छटा. निधड्या छातीने सहन करतोय.

बुधवारी संध्याकाळी क्लबच्या शर्यती असतात. टॅम्सिन हल्ली नायरीबरोबर जाते. आज सुकाणू तिच्याकडे होतं. पहिल्या आल्या. बक्षीस म्हणून मटणाची टोपली. रात्री चॉप्स खाताना ती लाटेवर बोट कशी चढवायची ते हातांनी दाखवत होती. हात वर, खाली, वर. मी चॉप अर्धा ठेवला. मटण जड असतं.

१ जून, रविवार

टॅम्सिनला दवाखान्यातून फोन. जागा अजून रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत कळव. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, हे बघ, मला इथे जेटीवर राहायला आवडत नाही. एका जागी बांधून राहायचं तर हॅमिल्टनलाही राहता येतं, तिकडे हीटर असतो. एक तर निघू या, नाहीतर मी जाते.

रडली नाही, चिडली नाही. नळीचा क्लॅम्प घट्ट करत होती. ते जास्त वाईट वाटलं.

निघणार. बास. आता कुणाचा बाप मला अडवू शकत नाही.

४ जून

क्लबमध्ये जाहीर केलं. खुर्चीवर उभा राहून. उद्या सकाळी ॲल्बट्रॉस टोंगाला निघतेय, आणि मी काहीही म्हटलं, कितीही म्हटलं, तरी बोट परत फिरवायची नाही. हा कप्तानाचा हुकूम आहे. टॅम्सिनला सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावली. टाळ्या पडल्या. विरेमू म्हणाला, भावा, खुर्चीवरून सावकाश उतर.

५ जून, गुरुवार

सकाळी ७. निघालो! भोंगे. हात हलवला. टॅम्सिनने मुका घेतला.

८.३०. केप ब्रेट मागे. लाटा मोठ्या नाहीत. गोल आहेत. लांबून येतात. येतच राहतात.

१०. कानामागे पट्टी, मनगटात बँड, तोंडात आलं. सगळं खबरदारी म्हणून. लागत नाहीच.

११. उभ्याने लिहिता येत नाही.

दुपार. आडव्यानेही नाही.

नंतर. टॅम्सिन गातेय. का गातेय.

नंतर. छताला चौदा स्क्रू. हलतायत. स्क्रू हलू नयेत.

अंधार पडताना. विचारलं, जवळ कुठे जमीन आहे का. म्हणाली, आहे ना, खाली. दोन हजार मीटर.

६ जून

ओपुआ. तीच जेटी.

मी गयावया केली, हे खोटं आहे. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. मला इथेच उतरव, असं एकदा म्हणालो असेन. टॅम्सिनने शपथ मोडली. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं म्हणे. म्हणाली, मला टोंगाला मढं घेऊन जायचं नाहीये. म्हणजे बोट तिने फिरवली. नोंद असू दे.

कस्टमचा माणूस आला. कालच त्याने निरोप दिला होता. नियमाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? मी म्हणालो, न्यूझीलंडहून. तो म्हणाला, वा, कसं आहे तिकडे?

कारण: आल्याची बिस्किटं. फार आलं वाईट.

७ जून

टॅम्सिनने चहा केला, समोर बसली, म्हणाली, मी जाते.

मी म्हणालो, हॅमिल्टनला?

ती म्हणाली, टोंगाला. नायरी येतेय माझ्याबरोबर. बोट अर्धी माझी आहे. अर्धीवर मी जाते, उरलेली आपोआप येईल.

मी विचारलं, कप्तानाशिवाय? ती म्हणाली, येताना कप्तान बादलीत होता, फर्ग. बोट नीट आली.

मी म्हणालो, मला बोट लागत नाही. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, तू एकदा लागते म्हणाला असतास ना, तर मी डॉक्टर शोधला असता, गोळ्या शोधल्या असत्या, बेटाबेटाने गेलो असतो. दोन महिने मी तुझे पाय आणि बिस्किटं आणि सनस्क्रीन ऐकतेय.

यावर माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. तेव्हा सुचलं नाही.

९ जून

ॲल्बट्रॉस रवाना केली. मोहीम आता किनाऱ्यावरून चालवणार. मोठे लोक असंच करतात.

नायरीने निघताना सांगितलं, माझ्या बोटीवर राहा, पाणी उपसायचा पंप चालू ठेव. माझी बोट म्हातारी झालीय, मी नाही. जेटीवर सगळे जमले होते. टॅम्सिनने मला घट्ट धरलं, मग सोडलं. भोंगे वाजले. माझा भोंगा बोटीवरच राहिला होता, म्हणून तोंडानेच वाजवला. विरेमूने खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

रात्री नायरीच्या बोटीवर. जेटीला बांधलेली आहे. तरी मळमळ. तिच्या लोकरीच्या ब्लँकेटला विचित्र वास आहे.

१४ जून

रोज सॅटेलाइटवरून हवामान आणि सूचना पाठवतो. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी सविस्तर. टॅम्सिनचं उत्तर येतं: ठीक. कधी कधी: ठीक, झोपतेय.

नायरीचं एकदा आलं: बाळा, तुझ्या सूचना येतात तेव्हा बॅटरी जाते.

१९ जून

काल रात्रभर बसून शेवटच्या टप्प्याचा प्लॅन केला. वारा कुठे फिरेल, शीड कधी कमी करायचं, बेटांत कसं शिरायचं. चार पानी. सकाळी पाठवला.

दुपारी टॅम्सिनचा मेसेज: बोट लागली.

मी एकदम उठून उभा राहिलो. लगेच लिहिलं: तुलाही? घाबरू नकोस! क्षितिजाकडे बघ, कोरडं काहीतरी खा, आल्याचं बिस्किट नको!

उत्तर: धक्क्याला, फर्ग. काल.

मग बऱ्याच वेळाने: "तुलाही" म्हणजे?

फोन बंद करून ठेवला. चार्जिंग संपत आलं होतं. ऐंशी टक्के.

२१ जून, शनिवार

टॅम्सिनचा फोन. आवाज उन्हातला होता. दवाखान्याला 'येत नाही' असं कळवलंय. इकडे बेटांच्या आत पाणी सपाट आहे म्हणे, उरुपुकापुकासारखं. पुढच्या आठवड्यात विमान आहे. बर्थ ठेवलाय. क्रू म्हणून.

मी म्हणालो, स्वतःच्या बोटीवर क्रू म्हणून येणार नाही. नाही म्हणजे नाही.

ती म्हणाली, बरं. ते सोड. एकच अट आहे. ते एक वाक्य म्हण.

मी म्हणालो, मरेन पण म्हणणार नाही. फोन ठेवला. तत्त्वाचा प्रश्न आहे. माणसाकडे शेवटी उरतं काय?

संध्याकाळी ५. पाऊस. नायरीचा पंप बंद पडला, सुरू केला. चहा एकाचाच करायचा तर किटली फार मोठी पडते.

५.४०. फोन केला. म्हटलं. हळू आवाजात.

ती म्हणाली, लाइन खराब आहे, ऐकू नाही आलं. मी परत म्हटलं. अजून नाही आलं म्हणाली. मग मी जेटीवर उभा राहून पावसात ओरडलो, मला बोट लागते!

शेजारच्या दोन बोटींतून डोकी बाहेर आली. फोनमधून टाळ्या, शिट्टी, आणि बऱ्याच लोकांचं हसणं. स्पीकर चालू होता. नायरीने तिकडच्या अख्ख्या जेटीला बोलावून ठेवलं होतं.

टॅम्सिन हसत नव्हती. म्हणाली, ये लवकर.

जातोय. पण इथे लिहून ठेवतो: मी फक्त म्हटलंय. मान्य केलेलं नाही.