सात ते आठमधला चोर

३ मार्च, सोमवार
आजपासून इंटरनेटच्या वेगाची नोंद ठेवणार. काल मुलीचा परदेशातून व्हिडिओ कॉल आला. दोन वर्षांची नात आठवड्यातून एकदा दिसते, तीही थिजलेली. मी दर दोन मिनिटांनी वेग तपासत होतो म्हणून कळलं तरी. कंपनीनं कबूल केले पन्नास, मिळाले अकरा. नातीला म्हटलं, जरा हलू नकोस, चित्र अडकलंय की तूच, ते पाहू दे. तिनं भोकाड पसरलं. मुलगी म्हणाली, बाबा, पुढच्या रविवारी बोलू.
माझी नात पळवणाऱ्याला मी सोडणार नाही.

४ मार्च, मंगळवार
कनेक्शनवाल्याला फोन. म्हणाला, काका, कॉल चालू असताना तपासू नका, तपासणीच सगळा वेग खाते. मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासतोय. तपासल्यानं चुका वाढल्याचं ऐकिवात नाही. हाही सामील असावा.

६ मार्च, गुरुवार
चोर सापडला. राउटरला कोणकोण जोडलंय याची यादी कॉम्प्युटरवर दिसते. माझा कॉम्प्युटर, माझा फोन आणि तिसरं एक यंत्र, नावात नुसते आकडे. बायकोचा फोन बटणांचा. म्हणजे बाहेरचा माणूस. यादीतल्या वेळांनुसार तो रोज संध्याकाळी बरोबर सातला जागा होतो, आठला झोपतो. सात ते आठ मी देवापुढे डोळे मिटून बसतो. हे माहीत असलेला आणि राउटर बसवताना पासवर्ड घालून देणारा माणूस एकच. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले.
मला व्यत्यय नको म्हणून त्या तासात बायको मागच्या खोलीत दार लावून बसते. जगात अशीही माणसं असतात.

७ मार्च, शुक्रवार
क्षमा हा मोठा गुण आहे. पण आधी बदला पूर्ण होऊ दे, मग क्षमेला जोर येईल.
जिन्यात घड्याळवाले भेटले. काय म्हणता, असं विचारलं. मी न थांबता खाली उतरलो. माझं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला आहे. परत मागणार नाही. राहू दे त्यांच्या मानगुटीवर.

९ मार्च, रविवार
मुलीचा कॉल चार मिनिटं. वेग नऊ. ती काहीतरी सांगत होती, पण मी आकडा लिहून घेत होतो. नंतर बायको म्हणाली, नातीला पडसं झालंय. हिला बरं ऐकू आलं.
वायफायचं नाव बदलून 'वरच्यांनो लाज बाळगा' ठेवलं.

१० मार्च, सोमवार
ते नाव वाचून छपराच्या पत्र्यालाही लाज वाटली असती. घड्याळवाले जिन्यात हसून म्हणाले, तुमच्या वायफायचं नाव मजेदार आहे हो, आमची मंडळी खूप हसली. कोडगेपणाची हद्द.
साडेसहाला त्या तिसऱ्या यंत्रासमोरचं 'ब्लॉक' दाबलं. सातला देवापुढे बसलो. बऱ्याच दिवसांनी मन लागलं. मागच्या खोलीतून बायको दोनदा बाहेर आली, पुन्हा आत गेली.

१२ मार्च, बुधवार
वेग एकोणपन्नास. सत्याचा विजय झाला. चोर फिरकलाच नाही.
बायको कालपासून सातला वर जाते. घड्याळवाल्यांच्या बायकोकडून विणकाम शिकते म्हणे. शत्रूच्या घरी जाणं मला पसंत नाही, पण हेर म्हणून उपयोग होईल. सहज विचारलं, त्यांचं इंटरनेट बंद पडलंय ना. म्हणाली, छान चालतंय की.
म्हणजे आता दुसऱ्या कुणाचं तरी चोरतायत.

१४ मार्च, शुक्रवार
बायको चार दिवसांत एक टाकाही विणून आणत नाही, पण खाली येते ती हसत. विचारलं तर म्हणते, तुमचं ध्यान झालं का.
ध्यान कसलं, डोळे मिटले की आकडे दिसतात.

१६ मार्च, रविवार. रात्री साडेआठ.
आज मुलीचा कॉल आलाच नाही. पन्नासला पन्नास वेग, आणि कॉल नाही. सातला देवाची क्षमा मागून उठलो, नोंदींचे सोळा कागद घेतले आणि वर गेलो. चार शब्द सुनवायचे होते, ते जिन्यात पाठ केले.
दार उघडंच होतं. घड्याळवाले माझं घड्याळ पुसत होते. म्हणाले, या, केव्हाच झालंय, न्यायला येताय कधी. टेबलाशी बायको. तिच्यासमोर एक फोन, मुलीनं जाताना आईला ठेवून दिलेला. दोन वर्षं रोज सातला दोघी बोलतात. सोमवारपासून आमच्या घरी तो का चालेना, ते बायकोला कळत नव्हतं.
फोनमध्ये नात खोलीभर धावत होती. ती धावते, हे मला माहीत नव्हतं.
मी पुढे वाकलो. मला पाहताच ती जागच्या जागी थांबली. दोन्ही हात अंगाला चिकटवून उभी. मी म्हटलं, बघा, अडकलं चित्र.
मुलगी म्हणाली, नाही बाबा, नेट चांगलं आहे. तुम्ही दिसलात की ती हलत नाही.

१७ मार्च, सोमवार
ब्लॉक काढलं. वायफायला जुनं नाव दिलं. वेग पाहिला नाही. एकदाच पाहिला.
देवापुढे बसायची वेळ सहाची केली. सातला मीही मागच्या खोलीत येऊन बसू का, असं बायकोला विचारलं.
म्हणाली, नातीला विचारून सांगते.