दोनदा ओढलेली रेघ

प्रिय ताई,

पेनाला टोपण लावून तू उठलीस, तेव्हा मी मुद्दाम फळ्याकडे वळले. तू सगळ्यांचे कप विसळलेस, पालथे घातलेस आणि गेलीस. माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या अकरा जणी बघत होत्या. त्यांच्यासमोर मी मोठ्या बहिणीला म्हणाले होते, "तू विचार करत बसतेस, म्हणून अडतेस. हात मोकळा सोड." वर हसलेही. आणि तू आली होतीस ती मीच दहादा बोलावलं म्हणून.

आपला नेम होता. रोज एक पान, थेट शाईने, समोर दिसेल ते काढायचं. खाली पेन्सिल नाही, खोडाखोड नाही, पान फाडणं तर मुळीच नाही. वह्या आपणच शिवायच्या आणि महिना संपला की एकमेकींना बघायला पाठवायच्या. दवाखान्यातली औषधांची खिडकी उघडायच्या आधी पाच मिनिटं तू बाहेरची रांग काढायचीस. एकदा एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर शाईचा डाग पडला. तू त्याची टोपी करून टाकलीस. मी 'बरं आहे' एवढंच कळवलं. खरं तर हेव्याने त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नाही.

माझी रेघ मात्र कधी चुकायची नाही. छोटे, देवाने तुझा हात वेगळाच घडवलाय, असं तू लिहायचीस. तिसऱ्या वर्षी तुझ्या वह्या यायच्या थांबल्या. एका घरात एक चित्रकार पुरे, असं तू चेष्टेत लिहिलंस. मीही ती चेष्टाच धरली. ते सोयीचं होतं.

त्याआधी एकदा तू विचारलं होतंस, "तुझी रेघ दोनदा ओढल्यासारखी का दिसते?" मी कागदावर ढकललं. इथला कागद शाई पितो म्हटलं. पंधरा दिवसांत तुझ्याकडून चांगल्या कागदाचा गठ्ठा आला.

ताई, मी आधी पेन्सिलने काढायचे. पहिल्या आठवड्यापासून. तीन-चार कच्ची चित्रं करायची, त्यातलं बरं खिडकीच्या काचेवर धरून गिरवायचं, मग शाई, मग रबर. रबराने शाई फिकी पडते, म्हणून वरून पुन्हा एक हात. वही मी मागाहून शिवायचे. तुझा कागद या कामाला फार चांगला निघाला. कितीही घासला तरी फाटायचा नाही. वर्गाच्या भिंतीवर लावलीत ती हीच चित्रं. त्यांच्याखाली बसवून मी तुला हात मोकळा सोडायला शिकवत होते.

काल भावजी फोनवर सहज बोलून गेले की तू तुझ्या सगळ्या वह्या रद्दीत बांधून ठेवल्यास, शनिवारी माणूस येणार आहे. "म्हणते, मला चित्राचा हात नाही," ते म्हणाले. म्हणून हे पत्र. ज्या हाताशी तू स्वतःला ताडून पाहिलंस, तो हात नव्हताच. माफी मागायला मला तोंड नाही. वह्या तेवढ्या देऊ नकोस.

तुझीच,
छोटी

ता. क. पत्र काल संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. आज सकाळी वर्गात पेन्सिल, रबर आणि कच्ची पानं टेबलावर मांडून सगळं सांगितलं. चौघी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. मग भावजींना फोन केला. तू कामावर गेली होतीस. त्यांनी गठ्ठा सोडून वह्या कपाटावर ठेवल्या आहेत.